सतरावी तार

डार्लीन हॉफस्ट्रा खोटं बोलत नाही, हे आयोवातल्या त्या अख्ख्या गावाला ठाऊक होतं. बावीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. उशीर झाला तर सबबी नाहीत, सरळ "डोळा लागला" म्हणून मोकळी. मग फिट्स सुरू झाल्या, लायसन्स गेलं आणि बाई घरात भिंतींशी भांडू लागली.

आता कवटीच्या आत तारा घेऊन ती हॉस्पिटलात पडली होती. फिट जिथून उठते तो मेंदूचा तुकडा कापायचा होता. आधी एकेका तारेतून बारीक करंट सोडून ती जागा कामाची आहे का, ते पाहायचं. डॉक्टर ब्रॅनिगनबाईंनी बजावलं होतं, "करंट दिल्यावर बोलणं ऐकू आलं, तर मी तिथे कापणार नाही. आणि कधीकधी करंट न देताच विचारू. मनाचे खेळ पकडायला."

सतराव्या तारेला कानाशी कुणीतरी बोललं. बाईचा आवाज, समजुतीचा, घाईतला. खोलीत तर टेक्निशियन कीथ एकटाच, आणि त्याचं तोंड मिटलेलं.

"काय डार्लीन, काही ऐकू आलं?"

"तुझं पोट गुरगुरतंय, तेवढं."

कीथ हसला. "नीट सांग हं. तुझी फिट इथूनच उठते."

"काही ऐकू आलं तर कापणार नाहीत?"

"नाही."

"मग लिही, काहीच नाही."

त्याने आणखी चारदा विचारलं. तीनदा ती बाई बोलली, दर वेळी जरा जवळून, विनवल्यासारखी. चारही वेळा डार्लीन म्हणाली, काहीच नाही. जन्मात खोटं न बोललेल्या बाईला ते इतकं सफाईने जमलं की तिचीच तिला भीती वाटली. पण बस डोळ्यांपुढून हलेना.

ऑपरेशननंतर फिट आली नाही. बहीण ट्रूडी उशाशी बसून ओठ हलवत होती आणि त्यातून खडीवरून चाकं गेल्यासारखा नुसता खरखराट येत होता. "नीट बोल की गं!" डार्लीन ओरडली. तिचं बोलणं तिला ऐकू आलं, तेही खरखराटच.

दोन दिवस तेच. तिसऱ्या दिवशी ब्रॅनिगनबाई कागद घेऊन आल्या. त्यावर लिहिलं होतं: "सतराव्या तारेला काही ऐकू आलं होतं का?"

डार्लीनने पेन घेतलं आणि खाली लिहिलं, "हो."