आवरायला कोणी नव्हतं

सोफेवाला खुर्च्या ठोकायचा आणि त्याची बायको कव्हरं शिवायची. फाटके सोफे दुकानात आले की तो त्यांचं कापड सोलायचा, आतला सडका फोम उपसायचा, आणि ती कोपऱ्यातल्या मशीनवर नवं कापड जोडत बसायची. माणूस मनाने प्रेमळ, पण अर्ध्या हळकुंडाने पिवळा. गिऱ्हाइकाला नुसती शिंक आली तरी हा औषध सांगणार! बायको हसून सोडून द्यायची. त्याच्याशी वाद घालून आजवर कोण जिंकलं होतं?

मग तिलाच आजार जडला. आधी सांधे धरले, गालांवर लाल चट्टे उठले, पुढे पाय सुजले. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि दोघांना समोर बसवलं.

"याला ल्युपस म्हणतात. शरीरात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात, तशा त्यांना आवरणाऱ्याही असतात. घरच्यांवर हात उचलू नका, असं बजावणाऱ्या. तुमच्यात या आवरणाऱ्या कमी पडताहेत, म्हणून लढणाऱ्या तुमच्याच मूत्रपिंडांवर तुटून पडल्यात. या पांढऱ्या गोळ्या त्यांना दाबून ठेवतील. एकही चुकवायची नाही."

"म्हणजे प्रतिकारशक्ती कमी करायची?" सोफेवाल्याने विचारलं.

"काही प्रमाणात, हो."

झालं! घरी पोचेपर्यंत त्याचं तोंड बंद नाही. "आजारी माणसाची ताकद वाढवायची की होती तीही काढून घ्यायची? हा कुठला न्याय?"

"अहो, त्यांना कळत असेल ना," ती म्हणाली. तिला डॉक्टरीणबाईंचं बोलणं नीट समजलं होतं, पण अंगात त्राण नव्हतं. तिने विषय सोडला.

तिच्या सुजलेल्या बोटांना गोळ्यांचं पाकीट फाडता येईना, म्हणून तो आठवड्याच्या गोळ्या डबीत भरून ठेवू लागला. नवरा असावा तर असा, असं शेजारणी म्हणायच्या, आणि तिलाही मनापासून तसंच वाटायचं. ती बिचारी न चुकता गोळी गिळायची.

तरी चेहरा फुगतच गेला. जिना चढताना दम लागायला लागला. "धीर धर गं, गुण यायला वेळ लागतो," तो म्हणायचा. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून चक्रावल्या. त्यांनी डबी मागितली, हातावर पालथी केली.

"ही माझी गोळी नाही. कोणी आणली?"

"मी," सोफेवाला म्हणाला. वर छाती काढून म्हणाला, हा त्याचा शहाणपणा! "प्रतिकारशक्ती वाढवणारी आहे. तुमच्या गोळीने ही खंगली असती."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या पुन्हा डबीत टाकल्या. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आवरणारी गोळी काढलीत, आणि लढणाऱ्यांना खुराक घातलात."

मूत्रपिंडं वाचली नाहीत. डायलिसिस सुरू झालं.

सोफेवाला ढसाढसा रडला, कपाळ बडवून घेतलं. आणि एक दिवस तो बायकोला घेऊन डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसला. "माझं एक मूत्रपिंड काढा, हिला लावा. आत्ताच्या आत्ता."

"आधी आजार शांत व्हायला हवा. आणि लावलं तरी परकं म्हणून शरीर त्याच्यावर धावून जाईल. तशाच गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतील."

"देईन! मी माझ्या हाताने देईन!"

"नको," बायको म्हणाली.

तो तिच्याकडे वळला.

"तुमच्या हातची गोळी नको, आणि मूत्रपिंडही नको."

"अगं, पण तू जगशील!"

"डायलिसिसवर जमेल तितकं जगेन. तुमचं मूत्रपिंड पोटात घेतलं, तर उरलेला जन्म माझ्या जिवाचं तुम्ही ठरवणार, आणि मी उपकाराखाली गप्प बसणार. एकदा गप्प बसले. पुरे झालं."

डायलिसिसच्या खोलीतून नर्सने हाक मारली. त्याने सवयीने तिची पिशवी उचलली. तिने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"तुम्ही घरी जा," ती म्हणाली, आणि भिंतीला धरत धरत एकटीच आत गेली.