अण्णांनी न दिलेली बाटली

माझ्या खोकल्यासाठी लेक मोबाईलवरून औषध मागवते. ही चौथी बाटली. खोकला कुणाला, किती दिवसाचा, कुणी विचारलं नाय. झाकण उघडलं अन् त्या गोडसर वासानं चौकातलं अण्णांचं मेडिकल आठवलं. तिथं आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

तवा खोकला बायकोला होता. मी तिसऱ्यांदा बाटली मागितली, तर अण्णांनी दिलीच नाय.

"आधी तिला सरकारी दवाखान्यात ने. थुंकी तपासून घे."

"अण्णा, धंदा करता का कीर्तन?"

"गाढवा, ने तिला!"

मी अंगठाछाप, पण तोरा लई. शिव्या घालत दुसऱ्या मेडिकलवर गेलो, ते बंद. उन्हात तिसरं शोधायचा कंटाळा आला, अन् सरकारी दवाखाना घराजवळच होता, म्हणून तिला तिथं नेलं. टीबी निघाला. गोळ्यांनी बरी झाली.

लोक म्हणतात, बायकोला वेळेवर नेलंस. मी नुसती मान हलवतो.