बांधावर धरलेला हात

माझा उजवा हात डाव्यापेक्षा बारीक आहे. अंगरख्याची बाही त्या बाजूला सैल पडते आणि शिंप्याला ते दर वेळी नव्याने सांगावं लागतं. तोही दर वेळी पुन्हा माप घेऊन बघतो, मी त्याची थट्टा करतोय असं त्याला वाटत असावं. पण याच हाताने मी जेवतो, धोतर नेसतो आणि हे लिहितो. हा हात मला परत कसा मिळाला ते सांगायचं तर माझ्या बहिणीचं सांगावं लागतं, आणि म्हातारपणीसुद्धा ते मला जड जातं.

आमचं गाव कोपरच्या खाडीकडे. घरापासून मिठागरापर्यंत जायला एकच वाट, खाऱ्या पाण्यामधून गेलेला मातीचा बांध. तो इतका अरुंद की दोघांनी शेजारी शेजारी चालायचं म्हटलं तर एकाला अगदी कडेवरून पाय टाकावा लागे. आईबाप मिठागरावर राबायचे आणि दुपारी त्यांची भाकरी घेऊन आम्ही दोघं जायचो. बहीण माझ्याहून मोठी, नऊ-दहा वर्षांची असेल. सगळे तिला बाय म्हणायचे, मीही तेच म्हणायचो. तिच्या डोक्यावर टोपली आणि माझा उजवा हात तिच्या हातात. कडेने ती चालायची, मला आत ठेवायची. मी हात सोडवायला बघितला की ती आणखी घट्ट धरायची. "परशील खाऱ्या पान्यात!" म्हणायची. मनगट लाल व्हायचं. मला तिचा भारी राग यायचा.

होळीच्या आधी दोघांनाही एकदमच ताप भरला. आम्हाला एकाच वाकळेवर निजवलं होतं. त्या तापात मला एवढंच कळत होतं की तिने माझा हात धरलाय. शुद्धीवर आलो तेव्हा वाकळेवर मी एकटाच होतो, आणि उजवा हात खांद्यापासून ओल्या फडक्यासारखा लोंबत होता.

लोकांनी माझी खूप कीव केली. हात लुळा पडला, हात गेला, असं जो तो म्हणायचा. मला तो लुळा वाटतच नव्हता, धरलेला वाटत होता. मनगटाभोवती तीच पकड, तीच बोटं. म्हणून तो हलवायचा मी प्रयत्नही करत नव्हतो. ओढून घेतला तर ती कुठे जाईल, हा प्रश्न मला पडायचा, आणि तो विचारायचा कुणाला हे काही सुचायचं नाही.

बायच्या बाराव्याच्या पंगतीत मी डाव्या हाताने भात उचलला. शेजारी चुलता बसला होता. त्याने सगळ्यांदेखत माझ्या हातावर फटका मारला. पोराचा उजवा हात चालत नाही हे त्याला दिसत होतं, पण डाव्या हाताने घास घेतलेला त्याला बघवत नव्हता. असल्या माणसांचा मला आजही संताप येतो. दुसऱ्या दिवशी आईने बायच्या लाल लुगड्याची एक पट्टी फाडली आणि जेवायच्या वेळी माझा डावा हात कमरेशी बांधायला सुरुवात केली. औषध म्हणून नव्हे. पोराला पुन्हा कुणी चारचौघांत मारू नये म्हणून. मी ताटाला तोंड लावून जेवायचो आणि आई चुलीकडे तोंड करून बसायची.

मग भगताला बोलावलं. गावात भुताखेताचं तोच बघायचा. त्याने माझं मनगट दाबलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "पोरगी याचा हात धरून बसलीय. सोरत नाय ती."

मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्याने उतारा सांगितला. भात, अंडं आणि बायच्या बांगड्या पानावर घालायच्या, भर दुपारी बांधावर ठेवायच्या आणि परत फिरायचं. मागे वळून मात्र बघायचं नाही. उतारा ठेवून मागे बघितलं की गेलेलं माणूस पाठोपाठ घरी येतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आई मला घेऊन गेली. दुपारच्या उन्हात मिठाचे ढीग इतके पांढरे दिसत होते की डोळे उघडे ठेववत नव्हते. आसपास चिटपाखरू नव्हतं. आईने पान ठेवलं, बांगड्या नीट एकीवर एक रचल्या आणि ती उठली. आम्ही चालू लागलो. आता बाय माझा हात सोडणार आणि त्या उन्हात बसून राहणार. मी रडत म्हणालो, "आये, ती एकटी र्‍हाईल गो."

आई थांबली. माझ्याकडे बघितलं नाही तिने. ती सावकाश पूर्ण मागे वळली आणि रोज हाक मारायची तशीच हाक मारली, "ये गो बाय. चल घरा."

बापाला तिने यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने तांदळाच्या ओल्या पिठाचा गोळा माझ्या उजव्या हातात दिला. "तिने हात धरलाय ना तुजा? मंग दोघांनी मिलून दाबा." आणि माझ्या मनगटाकडे बघून म्हणाली, "धर गो बाय. हलू धर, दुखव नको त्याला." तिने आपला हात माझ्या हातावर ठेवला आणि दाबला. पीठ बोटांतून वर आलं. तो दाब आईचा की आणखी कुणाचा, हे मला आजही शपथेवर सांगता येणार नाही.

पिठानंतर ओलं फडकं पिळणं आलं. मग मोड आलेले वाल सोलायला दिले. चिमटीत दाबला की वाल सालातून टुणकन बाहेर यायचा, म्हणजे यायला हवा होता. माझा तिथल्या तिथे चेंगरायचा. त्या दिवसांत आमच्या घरच्या बिरड्यात निम्मी सालंच असायची आणि बाप ती ताटाच्या कडेला गुपचूप काढून ठेवायचा. डावा हात मदतीला धावला की आई लाल पट्टी उचलायची. आजाऱ्याला कामाला जुंपलं म्हणून शेजारणींनी तिला कैदाशीण ठरवलं. याला कुणी उपचार म्हटलं असतं तर आई हसली असती. घरात जे काम असेल तेच ती पुढ्यात टाकायची, फक्त कालच्यापेक्षा आज थोडं बारीक.

मला मात्र दुसरंच काही दिसत होतं. आई बायसाठी रडली नव्हती. घरात तिचा विषय काढत नव्हती. ती तिच्याशी बोलायची ते माझा हात अडला की तेवढंच. "अंगठा धर त्याचा गो. असा. श्यानी माजी बाय." कधी मध्येच विचारायची, "केस इंचरलेस का गो आज?" आणि माझ्या मनगटाजवळची हवा निरखत बसायची. तेव्हा तिचा चेहरा पूर्वीसारखा दिसायचा.

हात सुधारत गेला. सुकटीतला कचरा मी चिमटीने वेचू लागलो. तांब्या तोंडापर्यंत नेऊ लागलो. मग एका सकाळी लंगोटीची गाठ मारताना ती पहिल्या झटक्यात घट्ट बसली, आणि माझ्या ध्यानात आलं की मनगट मोकळं आहे. मी ते भिंतीवर दाबून पाहिलं. डाव्या हाताने आवळून पाहिलं. कुणीही नव्हतं. हात लुळा होता तेव्हा मी घाबरलो नव्हतो. त्या सकाळी घाबरलो.

आईला सांगितलं नाही. हात बरा झालेला कळला असता तर बाय तिच्या हातून दुसऱ्यांदा गेली असती. म्हणून मी वाल सांडायला लागलो. साल तसंच ठेवायला लागलो. आई म्हणायची, "धर गो नीट," आणि मी खाली मान घालून ऐकत राहायचो.

पुढे एकदा दुपारी मी भाकरीची टोपली डोक्यावर घेऊन बांधावरून एकटाच जात होतो. आई कशासाठी तरी घरी येऊन परत निघाली होती आणि माझ्या मागे होती, हे मला माहीत नव्हतं. पाय घसरला. टोपली कलंडली आणि मी ती हवेतच पकडली. उजव्या हाताने, पाची बोटांनी. मागे पावलं थांबल्याचं ऐकू आलं.

आई जवळ आली. भगतासारखंच तिने माझं मनगट दाबून पाहिलं.

"कवा गेली?"

"नाय ठावं, आये."

ती रागावली नाही. माझ्या कमरेला गुंडाळलेली लाल पट्टी तिने सोडली आणि आपल्याच उजव्या मनगटाला बांधली. गाठ दातांनी ओढली. मग माझ्या पुढे होऊन चालू लागली. उजवा हात तिने अंगापासून थोडा दूर धरला होता, जरा खाली, बोटं अर्धी मिटलेली. बांधावर आमच्या दोघांशिवाय कुणी नव्हतं, तरी आई अगदी कडेवरून पाय टाकत होती.

त्यानंतर ती जगली तोवर त्या बांधावरून तशीच चालली. मी मोठा झालो, कल्याणच्या शाळेत जाऊन लिहायला शिकलो, तिची टोपलीही मीच वाहायला लागलो. पण तिच्या उजव्या बाजूने मी कधी चाललो नाही.