देसाई सरांची तब्येत

माझ्या फजितीच्या किती गोष्टी ऐकवू तुम्हाला? पण ही एक ऐकाच. एका धडधाकट माणसाला मी भर वर्गात आजारी पाडलंय. साठ शिक्षक साक्षीला होते आणि डॉक्टर येऊन ब्लडप्रेशर तपासेपर्यंत प्रकरण गेलं. माझा हेतू चांगला होता. पण फजितीत हेतू नेहमी चांगलाच असतो, त्याचा उपयोग काय?

मी मगदूम बाई. मुरगूडजवळच्या एका गावात हायस्कूलला बावीस वर्षं विज्ञान शिकवते. मराठीतून. राहायला कोल्हापुरात, रोज एसटीनं जाते-येते. गेल्या वर्षी आमच्या शाळेनं आठवीपासून सेमी इंग्रजी करायचं ठरवलं. म्हणजे विज्ञान आणि गणित इंग्रजीत, बाकी सगळं मराठीत. मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावून घेतलं.

"बाई, दिवाळीनंतर कोल्हापुरात सात दिवसांचं शिबिर हाय. लेक्चरं सगळी इंग्रजीत. शेवटच्या दिवशी प्रत्येकानं धा मिनिटं इंग्रजीत शिकवून दावायचं. शेरा चांगला आला तर आठवीचं विज्ञान तुमच्याकडंच. न्हाय आला तर नवीन माणूस बघावा लागंल."

"आणि मी काय शिकवू?"

"कार्यानुभव हाय की."

कार्यानुभव म्हणजे कागदाच्या पिशव्या आणि लोकरीची फुलं. पिशव्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण कांद्याची पातळ साल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की पोरं एका डोळ्यानं बघत "बाई, विटांची भिंत दिसाल्या" म्हणतात ना, त्या एका वाक्यासाठी मी बावीस वर्षं एसटीचे धक्के खाल्ले होते. ते वाक्य आता दुसऱ्याच कुणाला ऐकू येणार, या विचारानं मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

माझी मुलगी अनघा तेव्हा मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून मोकळी झाली होती. तिनं तिचा जुना फोन माझ्या हातात ठेवला. "आई, यात एक ॲप आहे. मोठमोठ्या प्रोफेसरांची इंग्रजी लेक्चरं आहेत. विज्ञानाची आहेत, चित्रकलेची, इतिहासाची पण आहेत. रोज ऐकत जा, कान तयार होईल."

मग काय, सकाळी एसटीत बसलं की फोन पर्समध्ये, इअरफोन कानात आणि मी अभ्यासात. पहिलं लेक्चर एका बाईंचं होतं, झाडं पाणी वर कसं नेतात यावर. विषय माझाच, बावीस वर्षं शिकवलेला. पण बाई अशा सुटल्या की मुरगूड येईपर्यंत मला दोनच शब्द सापडले, 'सो' आणि 'वॉटर'. दुसऱ्या दिवशी चित्रकलेवरचं लावलं, सावली आणि उजेड यावर. त्या गृहस्थांचंही तेच. शब्द नुसते ओतत होते. मला एकच कोडं पडलेलं, ही माणसं श्वास कधी घेतात?

पण सोडलं नाही. एकच लेक्चर पंधरा-पंधरा वेळा ऐकलं. वहीत शब्द लिहिले. डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून मी ऐकत बसायचे. एकदा कंडक्टरनं हळूच विचारलं, "बाई, डोकं दुखतंय काय? पुढं बसा, तिथं धक्का कमी लागतोय."

खरं सांगू का, ते चार महिने मी स्वतःला फार मठ्ठ समजत होते. अनघाला हे सगळं समजतं आणि मला नाही, म्हणजे आपलं डोकं आता गंजलं. घरी कुणाला बोलले नाही. तिनं विचारलं की "छान चाललंय" म्हणायचे. पण हळूहळू फरक पडला. तिसऱ्या महिन्यात निम्मं कळायला लागलं आणि दिवाळीपर्यंत चौदा प्रोफेसर ऐकून झाले होते. आता इंग्रजी लेक्चर म्हणजे काय चीज असते, हे मला ठाऊक झालं, अशी माझी समजूत. शिबिराला मी जरा मान ताठ करूनच गेले.

शिबिराचा नियम एकच होता, हॉलमध्ये मराठी बोलायचं नाही. त्यामुळं साठ शिक्षक असूनही हॉल शांत. शिक्षक इतके गप्प बसलेले मी आजवर पाहिले नव्हते. पहिलंच व्याख्यान देसाई सरांचं. सत्तरीचे, निवृत्त प्राध्यापक, पांढरे केस, साधा खादीचा शर्ट. डाव्या हातात फणसाचं एक पान. विषय होता, एकच पान शास्त्रज्ञ कसं बघतो आणि चित्रकार कसं बघतो.

सरांनी सुरुवात केली. एक वाक्य बोलले आणि थांबले. पुन्हा एक वाक्य. पुन्हा थांबले. मग पान खिडकीकडं धरलं आणि त्याच्याकडं नुसते बघत राहिले.

मी वही मिटली आणि सरांच्या तोंडाकडं निरखून बघायला लागले.

कारण आमच्या सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा सुरुवात अगदी अशीच झाली होती. शेंगा फोडता फोडता बोलणं हळू झालं, मग थांबलं, आणि हातातल्या शेंगेकडं बघत बसले. आम्ही म्हटलं, विचारात आहेत. त्या विचारात आमचे दोन तास गेले आणि त्यांचा उजवा हात कायमचा गेला. तेव्हापासून मी मनाशी ठरवलं होतं, पुन्हा असं काही दिसलं तर लाजत बसायचं नाही.

शेजारी चंदगडचे गावडे सर बसले होते, गणिताचे. मी कुजबुजले, "सरांचं बोलणं जड झाल्यासारखं वाटतंय का हो तुम्हाला?"

गावडे सरांनी समोर निरखून बघितलं. "व्हय की. मला बी कवापासून तसंच वाटाय लागलंय. डावा हात बी गळल्यागत दिसतोय."

पान बघून झाल्यावर सरांनी तो हात नुसता खाली सोडला होता. पण त्या वेळी हे कुणाला सुचणार? मागच्या बाकावरच्या बाई म्हणाल्या, "घामानं डबडबल्यात बघा." लाईट गेलेली होती, घाम आम्हा सगळ्यांनाच आला होता. दोन मिनिटांत कुजबूज शेवटच्या रांगेपर्यंत पोचली आणि तिथून परत येईस्तोवर सरांचं तोंडही वाकडं झालेलं होतं.

मी उठले. सरळ बाहेर जाऊन शिबिरप्रमुखांना गाठलं. "साहेब, सरांना झटका येतोय. वेळ घालवू नका." ते बिचारे चहाचा कप हातात घेऊनच धावत आले.

त्यानंतर सरांचं काहीच चाललं नाही. दोघांनी दंडाला धरून खुर्चीत बसवलं. एकानं शर्टाचं वरचं बटण सोडलं. कुणीतरी तोंडात साखर घातली, कुणी डब्यातला कांदा नाकाला लावला. सर साखर चघळत, अगदी शांतपणे, एकेक शब्द सुटा करून इंग्रजीत सांगत होते की मी ठीक आहे, कृपया मला बोलू द्या.

"बघा," मी प्रमुखांना म्हटलं, "किती सावकाश बोलतायत."

समोरच्याच दवाखान्यातून डॉक्टर आले. त्यांनी ब्लडप्रेशर बघितलं. सरांना हसायला लावलं, सर हसले. दोन्ही हात वर करायला सांगितले, सरांनी केले. साठ शिक्षकांपुढं हात वर करून बसलेले देसाई सर आजही माझ्या डोळ्यांपुढं येतात आणि मी कुठं असेन तिथं मान खाली घालते.

"काय झालंय ह्यास्नी?" डॉक्टरांनी विचारलं. "माझ्यापरीस चांगली तब्येत हाय." आणि पट्टा गुंडाळून निघून गेले.

मग सर मराठीत म्हणाले, "मी आजारी आहे असं पहिल्यांदा कुणाला वाटलं?"

एकोणसाठ माना माझ्याकडं वळल्या. गावडे सरांची सगळ्यात आधी.

मी उभी राहिले. "सर, माफ करा. पण इंग्रजी प्रोफेसर इतकं हळू बोलत नाहीत."

"किती प्रोफेसर ऐकलेत तुम्ही?"

"चौदा," मी म्हटलं. आणि पुरावा म्हणून पर्समधून फोन काढला, इअरफोनची वायर उपटली आणि झाडांच्या बाईंचं लेक्चर लावलं. बाई नेहमीसारख्या सुटल्या. हॉलमध्ये कुणाला एक अक्षर कळेना. मला मात्र बऱ्यापैकी कळत होतं, आणि त्या अवघड प्रसंगातही मला त्याचा थोडा अभिमान वाटला, हे कबूल करते.

सरांनी फोन हातात घेतला. चष्मा वर करून स्क्रीन बघितला, बोटानं काहीतरी दाबलं आणि फोन माझ्या हातात दिला.

त्याच बाई. पण आता सावकाश बोलत होत्या. शेजारीण उंबऱ्यात बसून सांगते तसं. मध्ये थांबत होत्या, एका विनोदावर स्वतःच थोडं हसतही होत्या. चार महिन्यांत त्या हसतात हे मला कळलंच नव्हतं.

"बाई," सर म्हणाले, "तुम्ही हे सगळं दुप्पट वेगानं ऐकलंय."

अनघानं परीक्षेच्या घाईत वेग दुप्पट करून ठेवला होता आणि फोन देताना तो तसाच राहिला होता. लोक हसायला लागले. मीही हसले, पण डोळे भरून आले. चार महिने रोज सकाळी मी स्वतःला मठ्ठ म्हणत होते. आणि एकदाही, एकाही माणसाला, 'मला हे समजत नाही' एवढं म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर अनघानं तिथंच बघितलं असतं.

मग वेगळंच मनात आलं. मी वर्गात विचारते, "समजलं का?" पोरं एका सुरात म्हणतात, "हो बाई." बावीस वर्षं मी ते 'हो' खरं धरून पुढं गेले. त्यांच्या कानात माझा वेग किती होता, देव जाणे.

देसाई सर रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "मी बोलत होतो ते किती जणांना कळलं?" एकही हात वर आला नाही. शेवटी गावडे सर उठले. "सर, खोटं कशाला बोलू? बाईंचं मला लगेच पटलं ते ह्येच्यासाठीच. कळत कायच नव्हतं, त्यामुळं तुमचं बंद झालं तर बरं, असं वाटाय लागलं हुतं."

त्या दिवसापासून सरांनी प्रश्न मराठीत विचारायची मुभा दिली. तरी हात काही वर होईनात. सवय कुठली जायला?

सातव्या दिवशी माझी दहा मिनिटं आली. शेरा देसाई सरच देणार होते. आठवी गेली तर पिशव्या, एवढं एकच डोक्यात. मी मुद्दाम अगदी सावकाश बोलायचं ठरवलं. फळ्यावर झाड काढलं. पाणी मुळापासून वर नेणारी नळी झायलेम, निळ्या खडूनं. पानातलं अन्न खाली आणणारी फ्लोएम, लाल खडूनं. एकेक शब्द मोकळा करून इंग्रजीत सांगत गेले. साठ चेहरे माझ्याकडं लागलेले. कुणी पेंगत नव्हतं, कुणी घड्याळ बघत नव्हतं. मला वाटलं, जमलं.

आणि गावडे सरांनी हात वर केला.

"बाई, इंग्रजी कसं असतंय ते मला आज पयल्यांदा समजलं. शब्दन् शब्द कळला. पण फळ्यावर निळी नळी पाणी वर न्हेतीया, आणि तुम्ही पाच मिनिटं झाली, लाल नळी न्हेती म्हणून सांगाय लागलाय."

मी फळ्याकडं बघितलं. खरंच की. बावीस वर्षं मराठीत कधी न चुकलेली गोष्ट मी इंग्रजीत, शांतपणे, सुस्पष्ट, पाच मिनिटं उलटी शिकवली होती. गणिताच्या माणसालाही कळेल इतकी स्वच्छ. संपलं, म्हटलं. लोकर आणायला लागा आता.

पण सर मागच्या बाकावरून हसत उठले. "सात दिवसांत वर झालेला हा पहिला हात," ते म्हणाले. "बाकीच्यांच्या तासाला चुका नव्हत्या असं नाही. त्या सापडण्याइतकं कुणाला समजलंच नाही. आठवी तुम्हीच घ्या." आणि माझ्या कागदावर इंग्रजीत शेरा लिहून दिला. त्याचा अर्थ असा, 'या बाई इतक्या स्पष्ट शिकवतात की त्यांची प्रत्येक चूक शेवटच्या बाकापर्यंत कळते.'

दुसऱ्या दिवशी मी तो कागद भीतभीतच मुख्याध्यापकांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावला. वरून खाली दोनदा वाचला. मान डोलावली. मी थोडं समजावून सांगायला गेले, तर म्हणाले, "काय सांगू नका बाई, समजलं मला." आणि शिपायाला बोलावून त्यांनी तो शेरा फ्रेम करून ऑफिसच्या दारात लावला.

अजून तिथंच आहे. येणारा-जाणारा प्रत्येक पालक तो वाचतो, मान डोलावतो आणि माझं अभिनंदन करतो.