डावं चाक

"परत करून दाखव," साहेब म्हणाले.

मी दोन्ही हात डोक्यावर नेले आणि मनगटावर मनगट ठेवून फुली केली. समोर हिरवळीवर दहा-बारा पाहुणे खुर्च्या टाकून बसले होते. जेवणं झाली होती. सगळे हसले. एका बाईंनी मोबाइल आडवा धरला होता. त्या म्हणाल्या, "थांब, नीट आलं नाही. अजून एकदा." मी अजून एकदा केलं. साहेबांच्या छोट्या नातीने माझी नक्कल केली, तिचं कौतुक झालं. मॅनेजर माझ्या मागे उभा होता. तो हळू आवाजात म्हणाला, "सांगेपर्यंत हात खाली घेऊ नकोस."

किती वेळ गेला कोण जाणे. हातांना मुंग्या आल्या. मग मुंग्याही गेल्या. रडू आलं नाही, रागही आला नाही. हात माझे नव्हतेच जणू. तेव्हा काय वाटत होतं म्हणून आज आठवून बघते, तर काहीच वाटत नव्हतं.

त्याच दिवशी सकाळी अकराला मी हेच हात केले होते. तेव्हा कोणी हसलं नव्हतं.

साहेबांचा बंगला मांडव्याच्या अलीकडे. मागे हेलिकॉप्टर उतरायचा सिमेंटचा गोल. पूर्वी तिथे भाताची खाचरं होती, दुसऱ्यांची. आई तिथे लावणीला जायची. मी बारावी पास. नोकरीला गेले तेव्हा मॅनेजरने मार्कशीट चाळली आणि विचारलं, "कुठली वाडी?" मी सांगितलं. त्याने मार्कशीट परत केली आणि हातात झाडू दिला.

गोल झाडायचा. खडा, काडी, पिशवी, काही ठेवायचं नाही. पंख्याच्या वाऱ्याने उडालेला खडा माणसाचा डोळा फोडतो. ते काम मी मन लावून केलं, आजही त्याची लाज वाटत नाही. पण त्याला जोडून दुसरा नियम होता. साहेब उतरताना झाडणाऱ्या बायांनी भिंतीला लागून उभं राहायचं, खाली बघून. वर तोंड करून बघत बसायचं नाही. पाच वर्षं मी साहेबांना बुटांवरून ओळखत होते.

एकदा विमानदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले होते, नोकरांना शिकवायला. शिकायला पुरुष बसले. मी चहा घेऊन दाराशी उभी. ते सांगत होते, शेपटीकडून जायचं नाही. पायलटला दिसाल असं समोर राहायचं. उतरू नको सांगायचं तर डोक्यावर हातांची फुली. मग म्हणाले, "पायलटला स्वतःच्या पोटाखालचं दिसत नाही. त्याच्यापुढे तीन दिवे असतात, तीन चाकांचे. चाक पोटातून खाली आलं की त्याचा दिवा लागतो. दिव्यावर भरवसा ठेवायचाच. पण खाली माणूस असेल तर त्याने वर बघावं." एक चाक आलं नाही आणि हेलिकॉप्टर टेकलं, तर ते कलंडतं. पातं जमिनीला लागतं, तुकडे कडेच्या नारळीच्या झाडांपर्यंत उडतात. चहा निवला म्हणून मॅनेजर मला बोलला.

त्या शनिवारी साहेबांना घेऊन हेलिकॉप्टर समुद्रावरून आलं. आग विझवायच्या नळकांड्याशी उभ्या दोघा वॉचमननी धुळीला पाठ फिरवली. मी भिंतीशी. का कोण जाणे, मान वर केली. पुढचं चाक होतं. उजवं होतं. डावं नव्हतं.

मी धावले. गोलाच्या आत पाय टाकला नाही, तेवढं मला कळत होतं. पांढऱ्या रेघेबाहेर, पायलटच्या अगदी समोर उभी राहिले आणि हातांची फुली केली. वाऱ्याने ओढणी गेली. तोंडात रेती गेली. मी हलले नाही. काचेआडून पायलटने माझ्याकडे बघितलं. हेलिकॉप्टर वर उठलं आणि परत समुद्रावर गेलं. तिथे त्याने चाकं आत घेतली, बाहेर काढली, मग वरून नेऊन मला दाखवली. दोनदा मी फुली केली. तिसऱ्या वेळी मोजलं. एक, दोन, तीन. मी बाजूला झाले. हेलिकॉप्टर नेहमीसारखं उतरलं.

नेहमीसारखं उतरलं, तिथेच घोटाळा झाला. पाहुण्यांसमोर वीस मिनिटं घिरट्या का घालाव्या लागल्या, साहेबांना उत्तर हवं होतं. पायलट म्हणाला, "तिन्ही दिवे लागले होते, सर. त्या बाईंनी हात केले म्हणून वर घेतलं." चाकं तीनदा काढून मला दाखवली, ते त्याने सांगितलं नाही. मग जेवणानंतर माझी करमणूक झाली. संध्याकाळी निघताना तोच पायलट माझ्याजवळून गेला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, बरं केलंत." मला त्याचा राग आला तो तेव्हा. अजून आहे.

घरी आईला सांगितलं. ती सुकट निवडत होती.

"तुला दिसलं व्हतं ना?"

"व्हय."

"मंग न्हाय दिसलं म्हनू नको," ती म्हणाली आणि परत सुकटीकडे वळली.

सोमवारी मॅनेजरने टाइप केलेला कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं, मी परवानगीशिवाय गोलात शिरले. डोळ्यांवर ऊन आल्यामुळे मला चुकीचं दिसलं. पुन्हा असं करणार नाही. शेजारी शाईचा पॅड, अंगठ्यासाठी. मार्कशीट त्यानेच बघितली होती.

मी विचारलं, "वर बघायचं काम कोणाचं होतं?"

"तुझं नव्हतं."

"मग कोणाचं?"

त्याने पॅड माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "खाली बघ आणि अंगठा कर. नोकरी राहील."

पॅड बाजूला सारून त्याच्याच खिशातलं पेन मागितलं. त्याने दिलंही, मी सही करणार असं त्याला वाटलं. टाइप केलेल्या ओळींवर आडवी-उभी फुली मारली. खाली लिहिलं, मी गोलात गेले नाही. डावं चाक आलं नव्हतं. मी वर बघितलं. त्याखाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट. पेन बोटांत रुतत होतं. शनिवारनंतर हाताला पहिल्यांदा काहीतरी जाणवलं.

नोकरी गेली. आता मी एका खानावळीत भाकऱ्या करते. गोल कोण झाडतं माहीत नाही. शनिवारी अकराला मी किनाऱ्यावर जाते. तिथे मला कोणी भिंतीला लावू शकत नाही. हेलिकॉप्टर डोक्यावरून जातं, खाली चाकं काढलेली असतात. मी मोजते. आत साहेब असतो, पायलट असतो, ती छोटी नातही असते. एखाद्या शनिवारी चाकं दोनच भरली, तर मी हात करीन.

करून दाखवणार नाही.