घंटा धरायला दोन हात लागतात

जर्मनीतल्या पहिल्या वर्षी मला रविवारचा धसका असे. साठचं दशक नुकतंच लागलं होतं. रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला मी पुण्याहून आले होते आणि त्या गावात मराठी म्हणून एकटीच होते. आठवडाभर प्रयोगशाळेत निदान शेजारी कोणी उभं असायचं. रविवारी सगळं गाव दारं लावून बसे आणि खोलीत मी आणि आईने दिलेलं मेतकूट एवढेच उरत असू.

म्हणून शेजारच्या टेबलावरच्या संशोधकाने सांगितलं, की विद्यापीठाचा फुटबॉल संघ परगावी खेळायला जातोय आणि पाठीराख्यांच्या बसमध्ये एक जागा आहे, तेव्हा त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. हा उंच, घुमा माणूस त्या पाठीराख्यांचा म्होरक्या होता. वडिलांच्या गोठ्यातली गाईची भलीमोठी पितळी घंटा तो मांडीवर घेऊन बसे आणि आपला गोल झाला की दोन्ही हातांनी घणघणवी.

त्या बसमध्ये मी पहिल्यांदा त्या देशात मोकळेपणी हसले. मी मांस खात नाही हे कळल्यावर माझ्यासाठी चीज लावलेला ब्रेड वेगळा निघू लागला. साडीतल्या पायांवर कोणीतरी ब्लँकेट टाकी. माझ्यावर गाण्याची पाळी आली तेव्हा मी भोंडल्याचं गाणं म्हटलं, तर सगळ्यांनी ते ठेक्यात उचललं. पुढे दर वेळी माझी खिडकीजवळची जागा ठरूनच गेली. सोमवारपासून मी रविवारची वाट बघायला लागले.

आणि मग नेकार नदीकाठच्या एका गावी मी घोटाळा केला. समोरच्या संघातल्या एका पोराने कडेने चेंडू असा काही काढला आणि असा काही जाळ्यात घातला, की मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. आमच्या बाकांवर मी एकटीच. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. लहानपणी वडील मला जिमखान्यावर क्रिकेट बघायला नेत. फटका कोणाचाही असो, चांगल्याला टाळी द्यायची. न देणारा माणूस त्यांना कोता वाटे. ते माझ्या हाडीमाशी मुरलेलं होतं.

सामना आम्ही हरलो. वर त्यांच्या पाठीराख्यांमधल्या एक आजीबाई शोधत शोधत आमच्या बसपाशी आल्या. आमच्या मुलासाठी टाळ्या वाजवल्यात म्हणून, असं सांगून त्यांनी माझ्या हातात घरच्या प्लमच्या केकचं पुडकं ठेवलं. शत्रूचा केक घेऊन मी बसमध्ये चढले. एकेकाला विचारलं, पण त्या दिवशी कोणालाच भूक नव्हती. येताना गाणीही झाली नाहीत.

मला रागही येत होता आणि रडूही. चांगल्याला चांगलं म्हटलं तर या लोकांचं काय बिघडलं? माफी मागायला मी तयार नव्हते. पण आता बसमधली जागा गेली, पुन्हा ती खोली आणि ते मेतकूट, हाच विचार आठवडाभर डोक्यात घोळत राहिला.

शुक्रवारी म्होरक्या माझ्या टेबलाशी आला आणि काचेच्या भांड्यांमध्ये त्याने ती घंटा ठेवली.

"तर मग, फ्रॉइलाइन," तो म्हणाला, "या रविवारी घंटा तुम्ही धरायची."

ती तर तुमच्या घरची, मी कशी धरू, असं मी विचारलं.

"जड आहे. दोन्ही हात लागतात. धरली की टाळ्या वाजवता येत नाहीत."

त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. मी मात्र हातातलं भांडं खाली ठेवून पोट धरून हसले आणि हसता हसता डोळे पुसले.

रविवारी खिडकीजवळच्या माझ्या जागेवर ब्लँकेट घडी करून ठेवलेलं होतं. आमचा गोल झाला तेव्हा दंड भरून येईपर्यंत मी घंटा वाजवली. थोड्या वेळाने समोरच्यांनी गोल केला, खूप लांबून आणि फार देखणा. माझे हात शिवशिवले. मी घंटेचा लोळा मुठीत घट्ट धरून गप्प बसले.

तेवढ्यात शेजारी टाळ्या वाजल्या. म्होरक्या मैदानाकडे बघत, शांतपणे टाळ्या वाजवत होता. सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"तिचे हात गुंतलेत," तो म्हणाला, "म्हणून मी वाजवतोय."

माझी सवय न मोडता त्या माणसांनी मला आपल्यात घेतलं, याबद्दल मी आजही त्यांची आभारी आहे. येताना बसमध्ये भोंडल्याचं गाणं त्यांनीच सुरू केलं. शब्द एकूण एक चुकीचे होते आणि मी एकही सुधारला नाही.