हिरव्या रंगाखालचं सागवान

मला रिकामं बसवत नाही. या खोडीपायी एकदा मी सासऱ्यांची अब्रू चव्हाट्यावर आणायचीच बाकी ठेवली होती.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. सासरे मिलिटरीतून सुभेदार होऊन आलेले. कडेगावजवळच्या आमच्या घरातलं माजघराचं कपाट मिलिटरीच्या हिरव्या रंगात रंगवलेलं. ते म्हणे अस्सल सागवान, सासूबाईंसाठी रेल्वेनं आणलेलं. इतरांचे नवरे सुट्टीवर येताना लुगडं आणायचे, आमच्या सासूबाईंना सागवानी कपाट! त्या गेल्यावरही गावात त्याचं नाव निघायचं. सागवानाला कुणी ऑइलपेंट फासतं का? विचारलं की मामंजी म्हणायचे, "वाळवी लागत न्हाई."

माझं माहेर मिरजेतल्या सतारी करणाऱ्यांच्या गल्लीतलं. चपडा लाख स्पिरिटात विरघळवायची, कापसाच्या बोळ्यानं घासत राहायचं, की लाकूड कसं झळाळतं ते मी लहानपणापासून बघितलेलं. मामंजींना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मिरजेला नेलं, सोबतीला हे गेले, तशी म्हटलं, आता कोण अडवतंय. मामंजी परत आल्यावर त्यांना कपाटाचं खरं रूप दिसू दे. वर शहाणपणा असा की शेजारच्या काकूंनाही बघायला बोलावून बसले.

मंगळवारी दुपारी हाताला फडकी गुंडाळून दाराला कॉस्टिक सोडा लावला. पोपडे निघाले. खाली पांढुरकं, गाठीगाठींचं लाकूड. नख लावलं तर नख रुतलं. आणखी खरवडलं तर मिलिटरीच्या मालावर असतो तसला काळा बाण निघाला, त्याखाली इंग्रजी अक्षरं आणि आकडे. देवदारी खोकं! पलटणीत सामान येतं त्या पेट्यांच्या फळ्या जोडून केलेलं कपाट.

"खोटारडा म्हातारा," मी मोठ्यानंच म्हणाले. मग ध्यानात आलं, हे गावानं बघितलं तर त्या माणसाला पारावर बसायची सोय राहणार नाही. आणि करणारी मी, घरचीच सून.

बुधवारी सकाळी एसटीच्या कंडक्टरबरोबर यांचा निरोप आला, डॉक्टरांनी सोडलंय, दुपारच्या गाडीनं येतो. मी माळ्यावरून मामंजींचा उरलेला रंगाचा डबा काढला. साय धरलेली. टर्पेंटाइन घालून ढवळायला घेतला तोच काकू दारात.

"बगू तरी सागवान, उगड की गं."

"आत सोडा सांडलाय काकू, पाय भाजतील."

त्या ओसरीवर फतकल मारून बसल्या. मी आत कडी लावून ब्रश मारत होते. लाकूड पुरतं वाळलंही नव्हतं. एका हातात तो बाण काही झाकेना, दुसरा हात दिला. मान भरून आली, हाताची कातडी सोलली, तरी थांबले नाही.

मामंजी आले ते डोळ्यावर पट्टी बांधून, अर्धी आळी मागे घेऊन. माजघरात पाऊल टाकलं आणि थबकले. रंगाचा वास काय लपतोय?

काकू म्हणाल्या, "हिरवंच हाय की हे. तू पालिश करनार हुतीस न्हवं? खालचं सागवान कसं हाय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"लय झ्याक हाय," मी म्हणाले. "पर मामंजींचाच रंग बरा. वाळवी लागत न्हाई."

माणसं पांगली, हे चुलत्यांकडे गेले, तेव्हा मामंजींनी मला हाक मारली.

"अक्षरं दिसली व्हय?"

"व्हय."

"तुज्या सासूलाबी दिसली हुती. आनलं त्याच दिशी." त्यांनी पट्टीवरून हात फिरवला. "तिनंच रंग आनायला लावला. आन् तिनंच दिला. मी नुसता डबा धरून हुबा हुतो."